दौलतअण्णांचा वेढा

"तुमी कुठल्या?"

"राजापूरच्या बाजूची."

"चाकणात कोण हाय तुमचं?"

"कोणी नाही."

"खेड, जुन्नर, मावळात? सोयरीक, भावकी, कायतरी?"

"नाही हो. कंपनीत नोकरी लागली म्हणून आले."

दौलतअण्णांचा चेहरा एकदम खुलला. "मंग खोली तुमची," ते म्हणाले.

मी एकटी बाई, परक्या गावात खोली बघायला आलेली, आणि इथं माझं कोणी नाही म्हणून घरमालकाला आनंद झालेला. मी पिशवी उचलून निघायच्याच बेतात होते. तेवढ्यात आतून सुमनकाकू पाणी घेऊन आल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांना कवापासनं खान पायजेल. गावातलं कुणी व्हत न्हाई."

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. गावात त्यांचं घर आहे, मुलगा आहे, भावकी आहे, म्हणून त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. तसंही चाकणात त्यांना आडनावानं फारसं कोणी ओळखत नसे. पाठीमागे लोक त्यांच्या घराला वेगळंच काहीतरी म्हणायचे. त्याबद्दल पुढं सांगेन.

त्यांच्या इमारतीत खाली रस्त्याला लागून चार गाळे होते. तीन भाड्यानं दिलेले. चौथा, कोपऱ्यावरचा, सगळ्यात मोक्याचा, अण्णांनी स्वतःकडे ठेवला होता. बाहेरून नुसतं शटर. आंबेठाण चौकाकडून येणारे कंटेनर त्याच्यासमोर अडून हॉर्न वाजवत उभे असत. आत गेलं की एकच प्रचंड टेबल, आणि टेबलावर चाकण. आजचं नव्हे. सपाट माळ, काळी माती, मध्ये चौकोनी किल्ला, भोवती खंदक, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज. तटावर बोटाच्या पेराएवढी माणसं. एकेकाच्या पागोट्याचा पीळ दिसायचा. बाहेर पसरलेली खानाची छावणी. तंबू, हत्ती, तोफा आणि माणसंच माणसं.

ही विद्या अण्णांना एका इंग्रज इंजिनिअरकडून मिळाली होती. मार्टिन त्याचं नाव, अण्णा त्याला मार्तंडसाहेब म्हणत. कुठल्याशा मोटार कंपनीचं काम उभं करायला तो आला आणि अण्णांच्या बंगल्यात भाड्यानं राहिला. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्या देशातल्या जुन्या लढाया टेबलावर मांडून पुन्हा लढायचा. एक बाजू तो, दुसरी बाजू अण्णा. शिपाई किती सरकवायचे ते मेजरटेपनं मोजायचं, गोळी लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं, पाऊस आला तर दारू भिजायची. भाषेचा प्रश्न आला नाही. साहेब परत जाताना फासे, टेप आणि नियमांचं पुस्तक अण्णांना देऊन गेला. अण्णांनी मग त्याची लढाई बाजूला ठेवून आपल्या गावचा वेढा मांडला.

चाकणच्या माणसाला तो वेढा सांगावा लागत नाही. महाराजांच्या वेळी मोगलांचा खान प्रचंड फौज घेऊन आला, आणि ह्या सपाटीवरच्या एवढ्याशा किल्ल्यातल्या मूठभर माणसांनी त्याला भर पावसाळ्यात झुंजवत ठेवलं. शेवटी खानाच्या लोकांनी जमिनीखालून भुयार खणून कोपऱ्यातल्या बुरुजाखाली सुरुंग भरला. बुरूज वरच्या माणसांसकट उडाला. त्यानंतरही आतली माणसं भगदाडात उभी राहून लढली, मग किल्ला गेला. तटाचे काही तुकडे अजून उभे आहेत. बाजाराच्या गर्दीत ते एकदम समोर येतात.

तर ह्या वेढ्यात मी खान.

दर गुरुवारी कंपनीला सुट्टी. जेवून मी खाली उतरायची. अण्णा आधीच गाळ्यात असायचे. पांढरा फुल शर्ट, बाह्या दुमडलेल्या, नाकावर भिंगाचा चष्मा. अंगानं उंच, पंजे फावड्यासारखे, पण त्या पंज्यांतून एकेक गडी असा उचलायचे की वाटावं, पाखराचं पिल्लू उचलतायत. शिपायांना ते गडीच म्हणत. कुणी "खेळ" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "खेळ न्हाई ताई. वेढा." मेलेला गडी डब्यात टाकायचा नाही. एका परातीत तांदूळ पसरलेले असत, त्यात त्याला उताणं निजवायचं. खानाचा असो की किल्ल्यातला, परात एकच.

गडी तळवड्याच्या एका शॉपमध्ये थ्रीडी प्रिंट करून यायचे, मुलाचा मित्र होता तिथं. रंगवायच्या सुमनकाकू. वरच्या ओट्यावर भाजी निवडून झाली की त्या बारीक ब्रश घेऊन बसत. चेहरे, मिश्या, अंगरख्यांचे बंद. पण खाली गाळ्यात पाऊल टाकत नसत. "मी रंगवते. मारामारी मला बघवत न्हाई," म्हणायच्या.

आमच्या डावात एक गोष्ट कधी बदलत नसे. मी खान, फौज माझी, बेत माझा. पण सुरुंग खणायचाच. त्यासाठी वेगळे गडी नव्हते. माझ्या छावणीतून एक काळा दोरा निघायचा आणि दर पाळीला फाशाच्या दानाप्रमाणे बुरुजाच्या दिशेनं सरकायचा. दोरा बुरुजाला टेकला की अण्णा स्वतः उठून बुरूज काढत. त्यावरचे गडी एकेक करून परातीत निजवत. 

हे असं का, ते मला काकूंनी सांगितलं. पागोटं रंगवता रंगवता, मान वर न करता.

"ह्यांच्या घराला गाव सुरुंगे म्हनतं. तुमी ऐकलं आसंल."

मी ऐकलं होतं. मला ते आडनावच वाटलं होतं.

"आडनाव न्हाई ते. शिवी हाय. खानानं आजूबाजूच्या वाड्यांमधनं मान्सं धरून आणली व्हती खणायला. त्यात ह्यांचा एक व्हता म्हनत्यात. खरं-खोटं कुणाला ठावं? कागद न्हाई, काय न्हाई. पर गाव इसरत न्हाई."

गाव खरंच विसरलं नव्हतं. शाळेत असताना किल्ल्यावरचं नाटक बसवलं होतं. अण्णा वर्गात सगळ्यात उंच, आवाज खणखणीत, म्हणून गुरुजींनी त्यांना किल्लेदार केलं. दुसऱ्या दिवशी गावातली चार मोठी माणसं शाळेत आली. सुरुंग्याचं पोरगं किल्लेदार? नाटकाच्या दिवशी अण्णा खानाच्या शिपायांत मागच्या रांगेत उभे होते. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, हसत सांगितलं. "मला सगळं भाषण पाठ व्हतं ताई. अजून हाय." मी म्हटलं, म्हणून दाखवा. अण्णांनी तोंड उघडलं, पहिला शब्द आला, आणि मग त्यांनी टेबलावरचा एक तंबू उगाच नीट केला.

आता त्यांचा धंदा बघा. खोदाईचा. कारखाने आले, जमिनी गेल्या, तेव्हा अण्णांनी एक पोकलेन घेतला, मग आणखी. चाकणच्या निम्म्या शेडचे पाये त्यांच्या मशिननं खणलेले. पण खाली कातळ लागला आणि सुरुंग लावायची वेळ आली की अण्णा काम सोडत. ब्रेकरनं फोडू, उशीर लागू दे, पण बार लावणार नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते काकूंना घेऊन कुठंतरी डोंगरातल्या गावी जाऊन राहत. एकदा एका कामाच्या पूजेचं जेवण होतं. मीही होते, आमच्याच कंपनीचं काम. सुरुंगावरून बोलणं निघालं तेव्हा ठेकेदार मोठ्यानं हसून म्हणाला, "अण्णा, तुम्ही कसं काय नाही म्हणता राव? तुमच्या तर घराण्याचंच काम ते!" पंगतीत सात-आठ जण हसले. त्यातल्या अर्ध्यांना विनोद कळलाही नसेल. अण्णांनी हातातला घास ताटात परत ठेवला, उठून हात धुतले आणि चालत निघाले. गाडी तिथंच राहिली, ती नंतर त्यांचा मुलगा रोहिदास येऊन घेऊन गेला.

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी एका गुरुवारी मी विचारलं. त्यात काही खोच नव्हती. सतत एकाच चालीनं जिंकायचा खानाला कंटाळा आला होता, इतकंच.

"अण्णा, मी सुरुंग खणलाच नाही तर?"

"खणावाच लागतो."

"का? खान मी आहे ना? मी नुसता वेढा घालते. तोफा मारते, शिड्या लावते."

अण्णांनी भिंगाचा चष्मा काढला.  मग काळा दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "लावा तोफा," म्हणाले.

तो डाव दोन गुरुवार चालला. मी मनापासून लढले. पण पाऊस सारखा पडत राहिला, म्हणजे फाशात तसंच दान पडत राहिलं. माझी दारू भिजली, छावणीत ताप आला, शिड्या लावल्या त्या लोटल्या गेल्या. पावसाळा सरेपर्यंत किल्ल्यावर निशाण राहिलं तर किल्ला टिकला, हा नियम अण्णांनीच केलेला होता. शेवटची पाळी झाली तेव्हा तटावर पाच-सहा गडी उरले होते आणि निशाण जागेवर होतं.

मी टाळ्या वाजवल्या. "जिंकलात की अण्णा!"

ते हसले नाहीत. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते.

"म्हंजी टिकला असता," ते म्हणाले.

"अहो, फासे आहेत हे. उद्या वेगळे पडतील."

"टिकला असता त्यो. खणलं नसतं तर टिकला असता."

शटर उघडंच टाकून ते वर निघून गेले.

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. मी कामावरून आले की गाळ्याच्या पायरीवर बसलेले असत. "ताई, एकच डाव." कधी किल्ला टिकायचा, कधी पडायचा. अण्णा साइटवर जाईनासे झाले. रोहिदास एकदा माझ्या दारात आला. समजूतदार पोरगा, पण रडवेला झाला होता. "ताई, तुमीच बंद करा आता हे. मी सांगितलं तर ऐकत न्हाईत. जेवत न्हाईत, झोपत न्हाईत. जेवले तर एकदम पोटभर जेवत्यात. काय चाललंय कळंना."

पोटभर कधी जेवतात ते मला कळलं होतं. किल्ला सुरुंगाशिवायही पडला, की त्या दिवशी.

अण्णांनाही ते कळलं होतं. असंच एकदा माझ्या फौजेनं शिड्या लावून तट घेतला. अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि सोडल्यावर माझ्याकडे बघितलं. तसा चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. "ताई," ते म्हणाले, "किल्ला पडला की मला बरं वाटतं. महाराजांचा किल्ला. आपली मान्सं मरत्यात आन मला बरं वाटतं. ह्याच्यापेक्षा वाईट मानूस कुटं आसंल का?"

 मी त्यांचा हात धरला. 

त्याच्या पुढच्या गुरुवारी काकू गाळ्यात आल्या. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदा. पदराला हात पुसत आल्या, टेबलाला एक फेरी मारली, स्वतः रंगवलेल्या माणसांकडे बघत. मग मुठीतून काढून खानाच्या छावणीत, मागच्या बाजूला, एका तंबूजवळ त्यांनी तीन आकृत्या ठेवल्या. हिरव्या लुगड्यातली बाई. तिच्या हाताला धरलेली एक मुलगी. आणि एक अगदी लहान पोर. शेजारी एक गडी ठेवला, डोक्याला फडकं, हातात कुदळ.

"हे कोण?" अण्णांनी विचारलं.

"ह्यो तुमचा. आन ही त्याची बायकू-पोरं."

"हितं? छावणीत?"

"मंग कुटं? त्यो खणत व्हता तवर हिला हितं बसवून ठेवली व्हती. भाला रोखून. कुदळ थांबली की पयलं हिच्या लेकरांवर. तुमच्या आजीनं सांगितलेलं मला. मी नवी नवरी व्हते तवा."

अण्णा काकूंकडे वळले. "मला कधी बोलली न्हाई म्हातारी."

"तुमच्या बापालाबी न्हाई. म्हनायची, ही बायांची गोष्ट हाय. सासूनं सुनेला सांगायची. गडी मानसाला सांगितली तर त्यो म्हनंल, त्यापेक्षा लेकरं मेलेली बरी व्हती." काकूंनी लुगड्यातल्या बाईला बोटानं जरा सरळ केलं. "मीबी त्याच भ्यानं बोलले न्हाई इतकी वर्सं. पर आता तुमी जेवत न्हाई. मांडा डाव. ताई खान. तुमी किल्लेदार न्हाई आज. तुमी खणा."

काकू स्टुलावर बसल्या. अण्णांनी खिशातून काळा दोरा काढला.

पहिल्या पाळीला त्यांनी दोरा सरकवला नाही. कुदळवाला गडी जागेवरच ठेवला. "न्हाई खणत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "खान काय करनार?"

"मी काही करणार नाही अण्णा."

"तुमी न्हाई वो. खान."

गाळ्यात पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होता, त्याचा पी-पी आवाज. मी हात पुढं केला. सगळ्यात लहान पोर उचललं आणि परातीत, तांदळात निजवलं.

  अण्णा टेबलावर वाकले, आणि त्या फावड्यासारख्या पंज्यानं परातीतलं पोर उचलून परत आईशेजारी उभं केलं. पोर दोनदा पडलं.

"पुन्यांदा," ते म्हणाले. "पयल्यापासनं. आता थांबत न्हाई मी."

आणि ते खणत गेले. पाळीमागून पाळी. फाशात कमी पडलं तर पुन्हा टाकायचे, मी अडवलं नाही. कुदळवाला पुढं, दोरा मागं. मधे एकदा त्यांनी बुरुजाकडे बघितलं, आणि मग छावणीकडे, आणि पुन्हा खाली मान घातली. दोरा टेकला. बुरूज त्यांनीच काढला. वरची माणसं एकेक करून निजवली, आणि प्रत्येकाला निजवताना काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. मग स्टुलावर काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ही जगली म्हनून तुमी हाय," काकू म्हणाल्या. "रोहिदास हाय."

"आन बुरजावरची?"

काकूंनी परात जवळ ओढली. 

किल्ल्याच्या आठवणीचा दिवस गावात दरवर्षी करतात. त्या वर्षी अण्णांनी स्वतःहून शाळेत टेबल नेलं. टेम्पोतून, चार तुकडे करून. शाळेच्या मैदानात मांडवाखाली गर्दी जमली. मी खान म्हणून उभी, शेजारी अण्णा. लोक कौतुकानं वाकून बघत होते, तटावरची माणसं मोजत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. डाव रंगात आला तेव्हा मागून कोणीतरी गोड आवाजात विचारलं, "अण्णा, सुरुंग कोण खणतंय?"

माणसं हसायच्या बेतात थांबली.

अण्णांनी कुदळवाला गडी उचलला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "ह्यो," ते म्हणाले. आवाज खणखणीत निघाला, मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "ह्यो आमचा. आमच्या घरातला. ह्यानं खणला." मग त्यांनी बाईची आणि लेकरांची गोष्ट सांगितली. लांबवली नाही. रडगाणं गायलं नाही. बुरुजावर मेलेल्यांना हात जोडले आणि थांबले.

 काही माणसं उठून गेली. एकजण जाताना म्हणाला, आता कायबी सांगतील. पुढं बसलेल्या बायांमधली एक म्हातारी मात्र टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. बराच वेळ ती हिरव्या लुगड्यातल्या बाईकडे बघत होती.

"दौलता," तिनं विचारलं, "मंग ती सुटली का? लेकरं घिऊन घरी पोचली का?"

अण्णांनी तोंड उघडलं. ह्या वेढ्यातली कुठली गोष्ट त्यांना विचारली आणि उत्तर मिळालं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. तोफा कुठं होत्या, खंदकात पाणी कुठून यायचं, सगळं ते सांगत.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. आणि काकूंकडे बघितलं. काकूंनीही मान हलवली. आजीनं तिथवर सांगितलंच नव्हतं.

पुढं मला तळवड्याला दुसरी नोकरी लागली आणि मी सांगवीला राहायला गेले. अण्णा सामान चढवायला खाली उभे होते. "खान चालला," एवढंच म्हणाले. फोन होत राहिले, कमी होत गेले. रोहिदासकडून कळायचं, अण्णा आता बरे आहेत, जेवतात, पण साइटवर येत नाहीत. गाळ्यातच असतात.

शेवटची भेट झाली ती अशीच एका दुपारी. चाकणला काम होतं, म्हणून वाट वाकडी करून गेले. शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले आणि क्षणभर मला वाटलं, चुकीच्या गाळ्यात आले.

टेबलावर किल्ला नव्हता. छावणी नव्हती, हत्ती नव्हते, तोफा नव्हत्या. नुसती काळी जमीन, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधून निळ्या रंगाची भामा नदी, काठाला थोडी झाडं. आणि त्या एवढ्या मोठ्या उजाड रानात चार आकृत्या, एका बारीक पायवाटेवर. कुदळवाला, पण कुदळ आता त्याच्या हातात नव्हती, खरवडून काढलेली. मागं ती बाई, मुलगी, आणि लहान पोर.

अण्णा फारच वाळले होते. मला बघून आनंदले, पण उठले नाहीत. बसा म्हणून खूण केली.

"कुठवर आले?" मी विचारलं. काय चाललंय ते विचारायची गरज नव्हती.

"पाऊस लागलाय. नदीला पानी हाय. काल पार व्हायला गेले, मुलगी वाहत चालली व्हती. मागं फिरले." त्यांनी नदीकाठची एक जागा दाखवली. "हितं उतार हाय म्हनत्यात. बघायचं."

"आणि खान?"

"खान गेला किल्ल्यात. पर त्याची मान्सं फिरत्यात वाटंला. आन आपली मान्सं भेटली तर ती तरी काय सोडत्यात का ह्याला?"

मी टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत बघितलं. तिथं काहीच नव्हतं, एखादं खोपटंसुद्धा नाही. "घर कुठं आहे त्यांचं?"

"ते ठावं असतं तर केलं नसतं का ताई?" अण्णा म्हणाले.

काकूंनी वरून चहा पाठवला. आम्ही प्यायलो. अण्णा मधूनमधून फासा टाकत होते, दान बघत होते, कधी माणसं सरकवत होते, कधी नुसतेच थांबत होते. मला बसची घाई होती. मी उठले, येते म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण लक्ष टेबलावरच्या पायवाटेवर होतं.

शटरखालून वाकताना मी एकदा मागं बघितलं. अण्णा टेबलावर ओणवे झाले होते. दोन बोटांनी त्यांनी त्या लहान पोराला अलगद उचललं, आईच्या पलीकडच्या हाताला, नदीपासून लांब, वाटेच्या आतल्या अंगाला ठेवलं, आणि मग चौघांनाही एक बोटभर पुढं सरकवलं.